आदल्या संध्याकाळी

"सही नंतर. आधी नकाशा काढ," बाबा म्हणाले आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी उचलून फ्रिजवर ठेवली.

एलियासनं माझ्याकडे पाहिलं आणि मला हसू आलं. बाबांची ही खोड त्याला माझ्याइतकीच ठाऊक होती. पाटबंधारे खात्यात असताना कुणीही कसलाही कागद सहीला घेऊन आलं, की बाबा त्याला समोर बसवायचे आणि सगळी लाइन हातानं काढायला लावायचे, पाणी निघतं तिथपासून संपतं तिथपर्यंत. ज्याला काढता येत नाही त्याला ती कळलेलीच नाही, असा त्यांचा खाक्या. ह्या खोडीपायी कित्येक कंत्राटदार त्यांच्यावर दात धरून होते. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात. आमच्या बाबांनी जन्मभर तळी राखली आणि निवृत्त झाले तेव्हा एरंडवण्यातला हा फ्लॅट आणि एक जुनी बजाज स्कूटर, एवढीच काय ती कमाई. आई त्यावरून त्यांना शेवटपर्यंत ऐकवत होती.

एलियास काही खात्यातला माणूस नव्हता. तो आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिलेला विद्यार्थी. त्याच्या देशाचं नाव मी घेत नाही, कारण त्या प्रकरणातली माणसं अजून हयात आहेत. पुण्यात इंजिनिअरिंग शिकायला आला तेव्हा त्याला भात कालवता येत नव्हता आणि गेला तेव्हा तो आईशी मराठीत वाद घालत होता. आई त्याला विलास म्हणायची. जगात एलियास असं नाव असू शकतं हे तिनं कधी मान्यच केलं नाही. सुट्टीत बाबा त्याला बरोबर घेऊन कालव्यावर जायचे. मला कधी न्यायचे नाहीत, कारण मला कालव्यात काडीचा रस नव्हता, हे खरं. तरी त्या वयात मी त्याच्यावर जळायचे.

मग तो परत गेला. पत्रं येत राहिली, लग्न झालं, नोकरी लागली. डोंगरउतारावरच्या एका गावाचा पाणीपुरवठा त्याच्या हाती आला. मग तिकडे यादवी पेटली आणि पत्रं थांबली. आई गेली तेव्हा त्याला कळवायलाही पत्ता नव्हता.

आणि एके दिवशी तो दिल्लीत माझ्या दारात उभा राहिला. मी तेव्हा दिल्लीत वकिली करत होते, परागंदा होऊन आलेल्यांच्या केसेस फुकट लढवणाऱ्या एका संस्थेत. आपल्या देशानं निर्वासितांच्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कोण निर्वासित आणि कोण नाही हे दिल्लीतली आंतरराष्ट्रीय कचेरी ठरवायची. तिचा कागद हाती असला तर माणूस इथे राहू शकतो, पुढे कुठल्या तरी देशात नीट बस्तान बसवू शकतो. नसला तर कधीही परत पाठवणी. एलियासबरोबर त्याची बायको मार्था होती, शिवाय मेहुणी रूथ आणि तिचं लहान मूल. ओळखीच्या माणसाची केस घेऊ नये असं म्हणतात. घेतली. आईच्या विलासला मी काय नाही म्हणणार होते?

केस सरळ दिसत होती. मार्थाच्या जमातीमागे तिथलं सैन्य लागलेलं, त्यामुळे परत गेला तर त्याच्याही जिवाला धोका. एकच गाठ होती. त्याच्या गावातल्या मिशनच्या शाळेत एका जमातीच्या लोकांनी आसरा घेतला होता. म्हातारे, बायका, पोरं. बाहेर सैन्याचा वेढा होता. शाळेचं पाणी तुटलं. तहानेनं जीव कासावीस झाल्यावर लोक फाटक उघडून बाहेर आले आणि बाहेर शिपाई उभे होते. पुढचं मी लिहीत नाही. कचेरीनं एवढंच विचारलं होतं, की त्या वेळी पाणीपुरवठ्याचे प्रमुख तुम्ही होता, तर पाणी कसं तुटलं?

हा प्रश्न साधा नव्हता. त्या करारात एक कलम आहे. मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात ज्याचा हात आहे असं मानायला सबळ कारण असेल, त्याला निर्वासित म्हणून संरक्षण मिळत नाही. मग परत गेल्यावर त्याचा जीव धोक्यात का असेना. तो पळून आला हे खरं असतं, त्याला भीती आहे हेही खरं असतं, तरी नाही. लोकांना ज्यानं देशोधडीला लावलं, तोच त्यांच्या रांगेत येऊन उभा राहू नये म्हणून ते कलम. मला ते कलम पटतं. तेव्हाही पटत होतं.

एलियासनं लिहून दिलं होतं, की तोफांच्या माऱ्यात मुख्य लाइन फुटली आणि सगळ्या गावाचंच पाणी गेलं. त्याला बाबांचं एक पत्र हवं होतं. उतारावरच्या अशा योजनेत वर बसलेल्या इंजिनिअरला एकाला पाणी देऊन दुसऱ्याचं तोडता येत नाही, एवढंच बाबांनी निवृत्त कार्यकारी अभियंता ह्या नात्यानं लिहायचं होतं. तेवढ्यासाठी आम्ही दोघं झेलम एक्सप्रेसनं पुण्याला आलो होतो. कचेरीतली मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती.

तर नकाशा. बाबांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून टेबलावर पसरलं आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. एलियास काढायला लागला. वर झरा, खाली टाकी, टाकीतून निघणारी मुख्य लाइन, डावीकडे बाजार, उजवीकडे दवाखाना. हात अगदी सराईत. बाबा खुशीत होते. मध्येच मला म्हणाले, बघ, रेघ बघ कशी मारतो, तुझ्या अक्षरापेक्षा बरी. मी चहा ठेवायला उठले.

स्वयंपाकघरातून ऐकत होते. बाबांनी शाळा कुठे ते विचारलं. तो म्हणाला, इथे, टेकाडावर. बाबांनी शाळेच्या फाट्याचा व्हॉल्व्ह विचारला. तो आवाराच्या आत होता, शाळेच्या बाजूला. बाबा म्हणाले छान, म्हणजे बाहेरून कुणी बंद करू शकत नाही, हे पत्रात घालू. मलाही हायसं वाटलं. मी कप भरले.

"आणि सैन्याची छावणी?" बाबांनी विचारलं.

मी ट्रे घेऊन आले तेव्हा पेन्सिल कागदावर टेकलेली होती पण हलत नव्हती. मग त्यानं काढली. मुख्य लाइनच्या अगदी शेवटी, खालच्या टोकाला, नीट चौकोन.

"छावणीला पाणी होतं त्या दिवसांत?"

"होतं, साहेब."

"लाइन फुटलेली असताना?"

मी ट्रे खाली ठेवायलाही विसरले. एलियासच्या जागी दुसरा कुणी असता तर चौकोन दुसरीकडे काढला असता, नाहीतर छावणीत विहीर होती असं ठोकून दिलं असतं. मला सांगताना त्यानं खोटं सांगितलंच होतं की! पण बाबांच्या समोर बसून त्याला चुकीचा नकाशा काढता आला नाही.

"फुटली नव्हती," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कागदावर वाकून ते स्वतःशीच हिशेब करावा तसे बोलायला लागले. व्हॉल्व्ह आत, म्हणजे आतल्यांनी तो उघडाच ठेवलेला असणार. तरी शाळेत थेंब नाही आणि छावणीत पाणी. कसं काय? बाजाराचा फाटा, दवाखान्याचा फाटा, त्यांचं बोट एकेका रेघेवरून खाली खाली सरकत गेलं आणि छावणीच्या चौकोनाशी येऊन थांबलं. त्यांना कळलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

इथे थोडं सांगायला हवं. बाबांच्या सगळ्या नोकरीत त्यांना अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट होती, शेजपाळी. कालव्याच्या तोंडाशी ज्याची जमीन तो दांडगा, तो पाणी ओढून घेतो आणि शेवटचा कोरडा राहतो. म्हणून पाळी शेवटापासून लावायची, टोकाच्या माणसाला पाणी आधी. ह्यासाठी बाबांनी बागायतदारांच्या शिव्या खाल्ल्या, बदल्या सोसल्या. सुट्टीत एलियासला ते कालव्यावर न्यायचे ते हेच दाखवायला.

"खालची तोंडं सगळी एकदम उघडलीस," बाबा म्हणाले. "सगळं पाणी टोकाला पळालं. लाइनीतला दाब उतरला. टेकाडावर चढलंच नाही."

"हो."

"हे एकदा करून भागत नाही. टाकी भरली की परत करावं लागतं."

"रोज करत होतो, साहेब. टोकाला आधी."

मीच पुढे झाले. वकिलाचं डोकं अशा वेळी आपोआप चालतं, त्याला माणुसकी म्हणा किंवा निगरगट्टपणा म्हणा. धमकी देऊन करून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी होते. जिवाच्या भीतीनं माणूस काय करतो ते कायदाही समजून घेतो. मी त्याला विचारलं, बंदूक रोखली होती का तुझ्यावर? मार्थाला काही करू म्हणाले होते का? ती तर शाळेतल्या लोकांच्याच जमातीची.

"नाही, कुमुदताई. चहा दिला होता," एलियास म्हणाला. "कर्नल म्हणाला, व्हॉल्व्ह आत आहे, आमच्या माणसांना काही सुचत नाही. मी म्हटलं, व्हॉल्व्हला हात लावायची गरज नाही."

असं म्हणाला, आणि आपण काय म्हणालो ते ऐकून तो स्वतःच दचकला.

मग तो भडाभडा बोलायला लागला, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. त्याला वाटलं होतं लोक तहानेनं शरण येतील. त्यांना ट्रकमध्ये घालून सरहद्दीपलीकडे सोडतील, दुसऱ्या गावात तसंच केलं होतं. दार तोडून आत घुसण्यापेक्षा हे बरं, रक्त सांडणार नाही, असं कर्नलही म्हणत होता. मारतील असं त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

खरं सांगते, मला बरं वाटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात ना, तसं. पाणी तोडलं हे वाईटच, पण कशासाठी तोडलं जातंय हे ठाऊक होतं की नव्हतं, ह्यावर सगळं अवलंबून. ठाऊक नव्हतं असं म्हणायला जागा होती. मी बॅगेतून त्याचं निवेदन काढलं. म्हटलं, खोटं काढून टाकू, खरं लिहू आणि ही बाजू नीट मांडू. वाचत वाचत मी शेवटच्या परिच्छेदापर्यंत आले.

तो परिच्छेद एलियासनं स्वतः घालायला लावला होता. त्याच्या मते निवेदनातली सगळ्यात भक्कम गोष्ट तीच होती. रूथ आणि तिचं मूल शाळेत अडकलं होतं आणि त्यानं पाणीपुरवठ्याच्या जीपमधून त्यांना बाहेर काढलं, असं त्यात होतं. रूथची त्याला साक्षही होती. दिल्लीत मी तो टाइप करताना माझे डोळे भरून आले होते.

"रूथला कधी काढलंस?" मी विचारलं.

"संध्याकाळी."

"कुठल्या संध्याकाळी?"

त्यानं पेन्सिल उचलून नकाशाच्या कडेला आडवी ठेवली.

"आदल्या," तो म्हणाला. "पाणी बंद करायच्या आदल्या."

"तिला काय सांगितलंस?"

"पोराला ताप आहे, दवाखान्यात नेऊ."

"होता ताप?"

"नाही."

मला पुढे काही विचारायचं नव्हतं. लोक शरण येतील, ट्रकमध्ये बसतील आणि सुखरूप पलीकडे जातील असं ज्याला खरंच वाटतं, तो मेहुणीला थाप मारून आदल्या संध्याकाळी बाहेर काढत नाही. एलियास हुशार होता, त्यालाही ते त्याच क्षणी दिसलं असावं. त्यानं दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता. तो त्या क्षणी मला आवडला नाही. इतकी वर्षं घरातला म्हणून वागवलेला माणूस आपल्याला आवडेनासा होतो तेव्हा फार वाईट वाटतं, तसं मला वाटलं.

"ते काढून टाक, कुमुद," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय. बाबांनी आयुष्यात कागदावरचा आकडा इकडचा तिकडे केला नव्हता. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख पुढे-मागे करा म्हणून आजोबांनी सांगितलं, तर त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता ह्या माणसानं.

"बाबा, काय म्हणताय तुम्ही?"

"तेवढा परिच्छेद काढ. तो असलाच पाहिजे असं कुणी सांगितलंय? मी पत्र देतो, दाबाचं असं होऊ शकतं, नकळत होऊ शकतं, असं लिहितो. सही करतो." त्यांनी एलियासकडे हात केला. "ह्याला परत पाठवलं तर मारून टाकतील गं. तुझ्या आईनं ह्याला जेवायला घातलंय."

मी वकील. खोटी साक्ष मी देणार नव्हते, पण अशिलानं एखादी गोष्ट सांगितलीच नाही तर ती मी उकरून काढायला बांधील नाही, हा नियम मला पाठ होता. मी पेन उघडलं नाही आणि नाहीही म्हणाले नाही. मी एलियासकडे पाहिलं, कारण निवेदन त्याचं होतं.

त्यानं माझ्यासमोरचे कागद आपल्याकडे ओढले आणि शेवटच्या परिच्छेदावर हात ठेवला.

"हे राहू दे, साहेब."

"अरे, ह्यानंच तू अडकतोस."

"कळलं मला. पण हे काढलं, तर मग मी तिथे काय केलं? पाणी तोडलं. दुसरं काहीच नाही." तो बाबांकडे न बघता बोलत होता. "माझ्या हातून तिथे एकच चांगली गोष्ट झाली. ती मी खोडणार नाही."

बाबांनी त्याला वेडा म्हटलं. मग मला म्हटलं, मग स्वतःला. मग ते उठून आत गेले आणि सकाळच्या पोळ्या कुस्करायला बसले, कारण दुपार झाली होती आणि त्याला फोडणीची पोळी आवडते म्हणून त्यांनी पोळ्या मुद्दाम जास्त करून ठेवल्या होत्या. आम्ही तिघं जेवलो. नंतर बाबांनी पत्र लिहिलं, ते असं: एलियास माझ्याकडे शिकला. तो माझा सर्वांत हुशार विद्यार्थी होता. त्याने काढलेला सोबतचा नकाशा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. खाली सही.

पुढच्या आठवड्यात दिल्लीत मुलाखत झाली. त्यानं सगळं सांगितलं, चहासकट. मुलाखत घेणारी बाई समजूतदार होती. तिनं धमकीबद्दल त्याला फिरून फिरून विचारलं, म्हणजे दार उघडून उभी राहिली म्हणा ना. तो त्या दारातून गेला नाही. मग तिनं आदल्या संध्याकाळबद्दल विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं.

निकाल लागला तो अपेक्षेप्रमाणे. मार्था, रूथ आणि मूल ह्यांचे अर्ज स्वतंत्रपणे पाहिले गेले आणि मंजूर झाले. त्या कलमानं माणूस वगळला जातो, त्याचं कुटुंब नाही. एलियास वगळला गेला. त्याला लगेच परत पाठवलं नाही. तो काही वर्षं कागदाशिवाय इकडेतिकडे राहिला आणि पुढे युरोपातल्या एका देशात पकडला गेला. गुन्हा दुसऱ्या देशातला, मेलेले दुसऱ्या देशातले, आरोपीही परका. पण असा गुन्हा कुठेही घडलेला असो, आमच्या कायद्यात तो गुन्हाच, असं म्हणून तिथल्या एका साध्या जिल्हा कोर्टानं तो खटला चालवला. त्याचा तो परिच्छेद तिथे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी वाचून दाखवला म्हणे. एकानं त्याला ठाऊक होतं हे दाखवायला आणि दुसऱ्यानं तो माणूस होता हे दाखवायला. शिक्षा झाली. पण हे फार नंतरचं.

त्या दिवशी मुलाखतीनंतर रूथची साक्ष होती. ती त्याच्याच बाजूनं आली होती. तिनं सगळं नीट सांगितलं. तो आला, पोराला ताप आहे म्हणाला, फाटकावरच्या शिपायाशी बोलला, जीपमध्ये पुढे बसवून घेऊन गेला. त्याच्यामुळे आम्ही दोघं जिवंत आहोत. बाईनं तिचे आभार मानले आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का? रूथ उठायच्या बेतात होती, ती परत खाली बसली. तिनं एक वाक्य सांगितलं, दुभाष्यानं ते सांगितलं, बाईनं लिहून घेतलं.

संध्याकाळी मी पुण्याला फोन केला. बाबा फोनपाशीच बसलेले असावेत, पहिल्या घंटेलाच उचलला. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, मेहुणी त्याच्या बाजूनं बोलली ना?

"बोलली, बाबा. जीव वाचवला म्हणाली."

"एवढंच?"

मला सांगायचं नव्हतं. पण बाबांना आजवर मी खोटं सांगितलेलं नव्हतं.

"शेवटी म्हणाली, जीपमध्ये मागे कुणीच नव्हतं."

बराच वेळ फोनवर नुसती खरखर येत राहिली. मला वाटलं लाइन तुटली. मग बाबांचा आवाज आला, अगदी साधा, साइटवरचा हिशेब सांगावा तसा.

"दाटीवाटीनं बसवले तर मागे आठ माणसं बसतात गं."